वस्तीतली पोरं कोयते घेऊन फिरतायत, मंडळाने काय करावं?

पुण्यातल्या एका मंडळाच्या चिटणीसांनी विचारलंय: "ताई, गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला आमच्या वस्तीत सात-आठ पोरं कोयते नाचवत आली. रिक्षा, दुचाक्या मिळून चौदा गाड्या फोडल्या आणि पळाली. त्यातली तीन आमच्याच गल्लीतली, सोळा-सतरा वर्षांची. पोलिसांनी उचलली, पण दोन चौथ्या दिवशी घरी. आता मंडळ, बचत गट, शाळा, पोलीस सगळ्यांनी मिळून काहीतरी करायचं ठरतंय. जनजागृती रॅली आणि मोठी सभा, असा विचार आहे. तुमचा अनुभव काय सांगतो?"

दादा, रॅली काढू नका. निदान आत्ता तरी नको.

वस्त्यांमध्ये पोरांबरोबर काम करायला लागून मला चोवीस वर्षं झाली. मधली तीन वर्षं बाल न्याय मंडळावर, म्हणजे अठराखालच्या मुलांच्या केसेस जिथे चालतात तिथे, सदस्य होते. या काळात रॅल्या पुष्कळ पाहिल्या, दोन तर मीच काढल्या. रॅलीत चालतात कोण? शाळेच्या गणवेशातली, रांगेत उभी राहणारी, ज्यांच्या हातात जन्मात कोयता येणार नाही अशी मुलं. ज्यांच्यासाठी ती काढलेली असते ते कट्ट्यावर बसून तिचा व्हिडिओ काढतात. आणि फलकावर 'कोयता गँग' लिहिलंत की संपलंच, त्या सात-आठ जणांचं तुम्ही फुकटात बारसं केलंत. २०२२च्या डिसेंबरात पुण्याच्या दक्षिण भागात भररस्त्यात कोयते फिरवणाऱ्यांचे व्हिडिओ गाजले आणि हा शब्द घरोघर पोचला. त्या नावाची एकच एक टोळी कुठे होती? पण शब्द मिळाल्यावर गल्लीगल्लीतल्या चार-चार पोरांना आपणही गँग आहोत असं वाटायला लागलं.

कोयता म्हणजे ऊस तोडायचं, नारळ सोलायचं अवजार. परवाना लागत नाही, फार पैसेही लागत नाहीत. मध्यंतरी पोलिसांनी विक्रेत्यांना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड घ्यायला सांगितलं होतं. घ्यावं, हरकत नाही. पण नारळवाल्याची गाडी रात्री ताडपत्रीखाली असते आणि कोयता कुठल्या फळीखाली असतो हे पोरांना पाठ असतं. हत्याराच्या मागे धावून तुमच्या हाती फार काही लागणार नाही. पोरांच्या मागे जा, आणि त्यासाठी आधी ती मोजा.

एका वस्तीत आम्ही हे पहिल्यांदा केलं तेव्हा सभेत बसलेले सगळे म्हणत होते, "इथली सगळीच पोरं वाया गेलीत." मी म्हटलं, नावं सांगा. पहिली पाच नावं झटक्यात आली. मग गाडी अडखळायला लागली. तासाभराने कागदावर अकरा नावं होती. त्यातले खरोखर अंगावर जाणारे चौघं, बाकीचे सात मागे फिरणारे. घरं दोन हजारांच्या आसपास. सभेतल्या लोकांचे चेहरे मला अजून आठवतात. सगळी पिढी बिघडली म्हटलं की हात वर करून मोकळं होता येतं. अकरा नावं समोर आली की त्यातलं एक आपल्या चुलत भावाच्या पोराचं निघतं.

हे फक्त पुण्याचं नाही. अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये १९९०च्या आसपास तरुणांचे खून फार वाढले. तिथे संशोधक, पोलीस आणि वस्तीत काम करणारे एकत्र बसले आणि त्यांनी अशीच मोजदाद केली. ६१ टोळ्या, सुमारे १३०० पोरं. शहरातल्या तरुणांच्या एक टक्क्याहूनही कमी, पण तरुणांच्या खुनांपैकी निदान ६० टक्के त्यांच्या भांडणांतून झालेले. १९९६ मध्ये त्यांनी या टोळ्यांना समोर बसवून स्पष्ट सांगायला सुरुवात केली: पुढचा खून ज्या टोळीकडून होईल तिच्या सगळ्यांवर सगळ्या बाजूंनी कारवाई होईल, आणि ज्याला यातून बाहेर पडायचंय त्याला आम्ही आजपासून मदत करू. आधी वर्षाला सरासरी ४४ तरुण मरत होते, १९९७ मध्ये १५ मेले. तिथला प्रश्न बंदुकीचा, आपला कोयत्याचा. तिथलं सगळं इथे जसंच्या तसं लागू होणार नाही. मोजदाद मात्र होते.

यादी कागदावर करा, एकच प्रत. व्हॉट्सअ‍ॅपवर अजिबात नको. का, ते पुढे सांगते.

"सगळ्यांनी मिळून" म्हणजे कोणी कोणी, हा तुमचा खरा प्रश्न. याचा सगळ्यात चांगला धडा आपल्याच महाराष्ट्रात आहे, भिवंडीत. त्या गावाने १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिल्या. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे तिथे आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्याआधीही शांतता समित्या होत्याच, पण त्यात तेच ते पुढारी. सणाच्या आधी एक बैठक, चहा, फोटो, विषय संपला. खोपड्यांच्या कमिट्यांमध्ये दोन्ही समाजांची साधी माणसं होती आणि त्यांच्याबरोबर त्या भागाचा साधा पोलीस होता. दंगल नसतानाही ही मंडळी भेटत राहिली. नळाचं भांडण, गटाराचं भांडण, भाडेकरूचं भांडण असल्या किरकोळ गोष्टी सोडवत राहिली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईतही मोहल्ला कमिट्या झाल्या. मी यातून घेतलं ते एवढंच की गटाराच्या भांडणात ज्यांची एकमेकांशी ओळख झालेली असते, त्यांनाच दंगलीच्या रात्री एकमेकांना फोन करता येतो. कोयत्याचंही तसंच आहे.

तुमच्या टेबलाभोवती आठच्या वर माणसं नकोत. अंगणवाडीच्या ताई हव्यात, कारण त्यांनी या प्रत्येक पोराला खिचडी भरवलेली असते. आशाताई हवी. बचत गटातली एक बाई, शक्यतो यादीतल्या एखाद्या पोराची आई किंवा मावशी. शाळेतून मुख्याध्यापक नकोत, ते दुसऱ्या बैठकीपासून प्रतिनिधी पाठवतात. शिपाईमामा आणा, कोण कधी मधल्या सुट्टीत भिंतीवरून उडी मारून जातो ते त्यांना ठाऊक असतं. चायनीजच्या गाडीवाला हवाच. रात्री बारापर्यंत उघडा असतो, राडा व्हायच्या आधी त्याला वास येतो. बीट अंमलदार, म्हणजे तुमच्या भागाचा पोलीस, हवा, पण त्याच्याबद्दल वेगळं बोलावं लागेल. आणि एक असा माणूस हवा ज्याने पंधरा वर्षांपूर्वी स्वतः हे सगळं केलंय, दोन-चार केसेस अंगावर घेतल्यात आणि आता रिक्षा चालवून दोन पोरं वाढवतोय. मंडळातल्या ज्येष्ठांना हा माणूस आवडणार नाही. तरी आणा. मी पोराला म्हटलं "शांत हो" तर तो मान डोलावतो आणि जातो. तो माणूस म्हणतो, "मी येरवड्यात होतो तेव्हा तुझा भाई मला भेटायला एकदाही आला नाही," आणि पोरगं खाली बसतं.

नगरसेवक शक्यतो नको. माणूस चांगला असेलही, पण तो आला की बैठक त्याची होते. पुण्यात तर मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची तीन वर्षं उलटून गेली तरी नगरसेवकच नव्हते. त्या काळात आमचं काम काही अडलं नाही.

बैठक कशी चालते ते सांगते. आमची मंगळवारी रात्री साडेआठला बालवाडीत असायची. खुर्च्या लहान मुलांच्या, लाल प्लॅस्टिकच्या. बसलं की गुडघे हनुवटीला. अजेंडा नाही, इतिवृत्त नाही, प्रश्न तीनच: या आठवड्यात कोण चिडलंय, कोणावर, आणि आज रात्री त्याच्याशी कोण बोलणार?

एका मंगळवारी चायनीजवाला म्हणाला, "दोघं कालपासून प्लेट अर्धी टाकून जातायत. मोबाईलमध्येच डोकं." आशाताई म्हणाली, त्यातल्या एकाची आई सकाळी विचारत होती, पोरगं रात्री झोपत नाहीये, काही गोळी आहे का. रिक्षावाल्याने फोन काढून स्टेटस दाखवलं. पोराचा पाठमोरा फोटो, खाली हिंदीत दोन ओळी, वेळ आल्यावर दाखवून देऊ अशा अर्थाच्या. तीन माणसांकडे तीन तुकडे होते, एकत्र ठेवल्यावर चित्र स्पष्ट झालं. भांडण कशावरून, तर पलीकडच्या गल्लीतल्या एकाने सिग्नलला सायलेन्सर वाजवला आणि "काय बघतो" म्हणाला. एवढंच. खुन्नस. अशा किती केसेसच्या मुळाशी ही तीन अक्षरं असतात ते सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं.

त्या रात्री काय केलं? आईला सांगून पोराला चार दिवस मावशीकडे दौंडला पाठवलं. रिक्षावाला स्वतः स्टेशनवर सोडून आला. पलीकडच्या पोराकडे त्याच्याच गल्लीतला एक जण गेला आणि म्हणाला, "तो गावाला गेलाय, विषय नाही." चार दिवसांत दोघांचाही मान राहिला, कोणाला माघार घ्यावी लागली नाही. तुम्ही ज्याला प्रतिबंध म्हणताय तो बहुतेक वेळा असा दिसतो. त्याचा फोटो पेपरात येत नाही, कारण काही घडलेलंच नसतं.

आता पोलीस. इथे मी एकदा मोठी चूक केली आहे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यांशी आमचं चांगलं जमलं होतं. ते म्हणाले, यादी द्या, आम्हीही लक्ष ठेवू. मी दिली. भाबडेपणाच तो. गणपतीच्या आठ दिवस आधी त्या यादीतली सगळी पोरं पहाटे घरातून उचलली, बसवून ठेवली, दोघांना मारलं. त्यात एक पोरगं असं होतं जे तीन महिन्यांपासून आमच्या सांगण्यावरून टायरच्या दुकानात कामाला जात होतं. दुकानदाराने त्याच दिवशी काढलं. त्याची आई माझ्या दारात आली आणि एक शब्द बोलली नाही, फक्त बघत उभी राहिली. पुढचं वर्षभर त्या गल्लीत मला कोणी चहा विचारला नाही.

तेव्हापासून आमचा नियम ठरला आणि तो पोलिसांना पहिल्याच दिवशी तोंडावर सांगतो. जिवाला धोका असेल, हत्यार निघालं असेल, तर आम्ही लगेच फोन करणार, नाव-पत्त्यासकट. बाकी नावं देणार नाही. जागा आणि वेळ देऊ: सार्वजनिक शौचालयामागचा दिवा बंद आहे, रविवारी रात्री दहानंतर तिथे जमतात, एक फेरी मारा. चांगल्या अंमलदाराला एवढं पुरतं. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा लागतो, तो कोण हे जाऊन विचारा. शहराचं विशेष बाल पोलीस पथकही असतं, त्यात कायद्याप्रमाणे दोन समाजसेवक हवेत. या लोकांशी भांडण नसताना ओळख करून घ्या.

आणि धिंड. पोरांना गल्लीतून फिरवून माफी मागायला लावायची, त्याचा व्हिडिओ व्हायरल करायचा, लोक टाळ्या वाजवतात. तुमच्या सभेतही कोणीतरी ही मागणी करणार. अठराखालच्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे, हे एक. दुसरं मी डोळ्यांनी पाहिलंय: धिंडीचा व्हिडिओ महिनाभरात मागे गाणं लावून त्याच पोराच्या रीलमध्ये येतो. ज्याला आपण शिक्षा समजतो ते तिथे प्रमाणपत्र म्हणून लावलं जातं.

सगळ्यात मोलाची वेळ कुठली, तर वार झाल्यानंतरचे पहिले काही तास. दवाखान्याच्या कॅज्युअल्टीबाहेर कधी उभे राहिलात का? आत एकाच्या मनगटाला टाके पडत असतात, बाहेर पोर्चमध्ये त्याचे सहा मित्र उभे. एकाच्या शर्टावर रक्त. चहा कोणी पीत नाही. कोणीतरी हळू आवाजात पलीकडच्याचा पत्ता सांगत असतो. पुढचा गुन्हा त्या पोर्चमध्ये ठरतो. मी एकदा तिथे फक्त वडापाव घेऊन गेले होते. पोरं दुपारपासून उपाशी होती. अर्धा तास कोणाशी काही बोलले नाही. मग एक जण म्हणाला, "ताई, त्याचा अंगठा राहील का?" त्यानंतर बोलणं सुरू झालं.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोने ही गोष्ट ओळखली. सुऱ्यांच्या हाणामारीसाठी ते शहर युरोपात बदनाम होतं. तिथल्या पोलिसांनी २००५ मध्ये हिंसाचार कमी करण्यासाठी वेगळा विभाग काढला. कॅरिन मॅक्लस्की आणि जॉन कार्नोकन या दोघांनी हा प्रश्न साथीच्या रोगासारखा हाताळायचा ठरवला. २००८ मध्ये टोळ्यांतल्या पोरांना त्यांनी न्यायालयाच्या दालनात बोलावलं, खटल्यासाठी नव्हे, ऐकायला. पोलीस बोलले, जखमा शिवणारे डॉक्टर बोलले, मुलगा गमावलेली आई बोलली, आणि शेवटी एक फोन नंबर दिला: यातून निघायचं असेल तर इथे फोन करा. पुढे २०१५ पासून तिथल्या मोठ्या रुग्णालयात रात्री जखमी पोरांपाशी बसायला माणसं नेमली, त्यातली काही त्याच वाटेने गेलेली. २००४-०५ मध्ये स्कॉटलंडमध्ये १३७ खून झाले होते, दहा वर्षांत तो आकडा ६०च्या आसपास आला.

वेल्समधल्या कार्डिफची गोष्ट याहून साधी आहे. जोनाथन शेफर्ड नावाच्या जबड्याच्या शल्यविशारदांच्या लक्षात आलं की आपण ज्यांचे चेहरे शिवतो त्यातल्या बऱ्याच जणांची पोलिसांकडे नोंदच नसते. मग रुग्णालयाने नाव न घेता फक्त जागा, वेळ आणि हत्यार एवढंच पोलीस आणि नगरपालिकेला कळवायला सुरुवात केली. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, होते, पण बारीक वार गल्लीतल्या डॉक्टरकडे जातात आणि "काच लागली" म्हणून टाके पडतात. तुमच्या भागातल्या दोन-तीन डॉक्टरांना भेटा. नावं मागू नका, ते देणार नाहीत आणि देऊही नयेत. महिन्यात किती 'काचा' लागल्या आणि कुठल्या वारी, एवढं विचारा. आम्हाला एका डॉक्टरांच्या डायरीवरून कळलं की आमच्याकडे शनिवारपेक्षा गुरुवार वाईट जातो. गुरुवार का, तर त्या भागातल्या गोडाऊनचा पगार बुधवारी व्हायचा.

आता ज्याबद्दल सभेत कोणी बोलत नाही ते. सोळा वर्षांचं पोरगं स्वतःहून चौदा गाड्या फोडत नाही. त्याच्यामागे चोवीस-पंचवीसचा कोणी असतो. तो पेट्रोल भरतो, दारू पाजतो, गाडी देतो आणि सांगतो, "तू अठराच्या खाली आहेस, तुला काही होत नाही." हे अर्धसत्य आहे. सोळा पूर्ण झालेल्याने किमान सात वर्षं शिक्षेचा निर्घृण गुन्हा केला तर बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यमापन करून त्याची केस प्रौढाप्रमाणे चालवायला पाठवू शकतं. पोरांना हे माहीत नसतं, त्यांना सांगा. घाबरवू नका, सांगा. आणि त्या पंचविशीतल्याला जे माहीत नसतं तेही गल्लीत बोललं जाऊ द्या: मुलांना बेकायदा कामाला वापरणाऱ्या प्रौढाला बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ९५ आणखी कडक आहे: गुन्ह्यासाठी मूल वापरलं तर किमान तीन आणि जास्तीत जास्त दहा वर्षं, आणि तो गुन्हा घडला तर जणू त्यानेच केला असं धरून त्याचीही शिक्षा. मूल जबाबात मोठ्याचं नाव घेतं तेव्हा ही कलमं लावा असा लेखी अर्ज द्या. पोरांना उचलणं सोपं असतं म्हणून त्यांनाच उचललं जातं. पोलिसांकडे तुमच्या मंडळाने एकच मागणी करायची असेल तर ही करा.

दादा, इथे तुम्हाला थोडं टोचणार आहे. तुमच्या मंडळाच्या चौकात गेल्या वर्षभरात कोणाकोणाच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागले, आठवून बघा. मधे मोठा फोटो, गॉगल, खाली पासपोर्टच्या आकारात तीस पोरांचे चेहरे. त्या तीस चेहऱ्यांत यादीतली किती पोरं आहेत? रात्री बारा वाजता रस्त्यात गाडीच्या बोनेटवर केक कापला जातो, तलवारीने कापला की टाळ्या. वर्गणीची पहिली मोठी पावती कोणाच्या नावाची फाटते? मंडळाला हे बंद करता येत नसेल तर बाकीचं टेबल मांडून उपयोग नाही, पोरं मूर्ख नाहीत. एका मंडळाने ठरवलं की फ्लेक्सवर फक्त त्या वर्षी दहावी-बारावी झालेल्यांचे आणि रक्तदान केलेल्यांचे फोटो. पहिल्या वर्षी भांडणं झाली, दोन जण मंडळ सोडून गेले. दुसऱ्या वर्षी यादीतलं एक पोरगं रक्तदानाच्या रांगेत आलं, फोटोसाठी. वय बसत नव्हतं म्हणून डॉक्टरांनी परत पाठवलं, तर ते स्वयंसेवकाचा बिल्ला मागायला लागलं. दिला.

बाहेर पडू पाहणाऱ्या पोराला द्यायचं काय? खेळ चांगला. नागपूरला विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉलला लावलं, ते काम पुढे देशभर पोचलं. पण दोन गल्ल्यांच्या दोन टीम करू नका, मिसळून करा, नाहीतर मैदानावरची खुन्नस रात्री परत येते. खेळापेक्षा जास्त चिकाटी कागदपत्रांना लागते. माझ्या यादीतली बहुतेक पोरं नववी-दहावीच्या मधे गळालेली असायची. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं, आणि शाळा सोडल्याचा दाखला आणायला बापाला अर्धा दिवस बुडवावा लागतो म्हणून तो आणलेला नसतो. तो दाखला तुमच्या चिटणीसाने आणावा. म्हणजे तुम्हीच. आयटीआयला दहावी नापासांना चालणारेही काही ट्रेड असतात. पोरगं पहिल्या महिन्यात दोनदा पळून जाईल, तिसऱ्यांदा परत न्या.

नोकरीच्या पडताळणीची भीती सगळ्यांना असते. बाल न्याय कायद्याचं कलम २४ म्हणतं की मूल म्हणून ज्याची केस निकाली निघाली त्याला त्यामुळे कसलीही अपात्रता येत नाही. अपवाद फक्त प्रौढाप्रमाणे खटला चाललेल्या सोळावरच्यांचा. ही एक ओळ समजावून सांगितल्यावर एका बापाला मी रडताना पाहिलंय.

ती दोन पोरं चौथ्या दिवशी परत आली याचा तुम्हाला राग आहे, समजू शकते. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या अपघातानंतर अल्पवयीन चालकाला जामिनाची अट म्हणून दिलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावरून जो गदारोळ झाला त्यापासून लोकांना वाटतं, बाल न्याय म्हणजे निबंध. बाल न्याय मंडळावर बसून मी पाहिलं ते उलटंच होतं: वस्तीतल्या कित्येक पोरांना जामीन मंजूर व्हायचा, पण घ्यायला कोणी यायचं नाही. बापाला तारखेला यायचं तर हजेरी बुडते, आई धुण्याभांड्याची कामं सोडून येते आणि दोन घरं हातची जातात. मुलाच्या बाबतीत कायद्यात जामीन हा नियम आहे आणि नाकारायला कारण लागतं. ती सुटली नाहीत, चौकशी चालू आहे. परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी घरी येईल, सामाजिक तपास अहवाल लिहील. तुमच्या टेबलावरचं कोणीतरी त्याला भेटा आणि सांगा की या पोराची जबाबदारी घ्यायला ही अमुक माणसं तयार आहेत. अहवालात तेवढं एक वाक्य आलं तरी फरक पडतो.

या आठवड्यात एवढं करा. त्या दोघांच्या घरी जा, वेगवेगळ्या दिवशी. तुम्ही आणि तो रिक्षावाला, दोघंच. घोळका नको. "का केलंस" विचारू नका, उत्तर त्यालाही माहीत नसतं. रात्री झोप लागते का, पलीकडून कोणाचे फोन येतायत का, एवढं विचारा. तिसऱ्या पोराच्या आईला पुढच्या तारखेला येरवड्याला बाल न्याय मंडळात कोण घेऊन जाणार ते ठरवा. आणि ज्यांच्या गाड्या फुटल्या त्या चौदा जणांकडे जा. त्यांच्याकडे आत्तापर्यंत पंचनाम्यासाठीच कोणी गेलं असेल.

मागे एका केसमध्ये फुटलेल्या रिक्षाचा मालक आमच्याकडे येऊन म्हणाला होता, मला त्या पोराला एकदा बघायचंय. आम्ही बाल न्याय मंडळाला विचारून दोघांची भेट घडवली. तसं विचारल्याशिवाय करू नका, नाहीतर केस मिटवायला दबाव आणला असं होतं. पोरगं मान खाली घालून बसलं होतं. मालक ओरडला नाही. खिशातून डायरी काढली आणि काच बसेपर्यंतच्या सहा दिवसांचा हिशेब वाचून दाखवला: रोजचं भाडं, हप्ता, पोरीच्या क्लासची फी पुढे ढकललेली तारीख. पोराने विचारलं, "काच केवढ्याची?" पुढचे सात रविवार तो ओळखीच्या गॅरेजवर काम करून त्याचे पैसे फेडत होता, आणि सातव्या रविवारी मालक त्याला रिक्षात बसवून घरी सोडायला आला.